सबस्टेशनपासून पाच किलोमीटर

हैदराबादच्या हिमायतनगरात सौर पॅनल बसवायचे म्हटले की आधी गच्चीचा प्रश्न येतो. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते, आणि अपार्टमेंटची गच्ची सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नसते. तिच्यावर पाण्याच्या टाक्या आधीच बसलेल्या असतात. अशा दाट वस्तीची बरीचशी वीज बाहेरच्या कुठल्या तरी शिवारातूनच यायची. ते शिवार ठरते कसे?

ऊन ही त्यातली सोपी बाब. दख्खनच्या पठारावर ते मुबलक आहे. अडते ते तारेपाशी. नियोजन करणारे नकाशावरून जंगल, तलाव, ओलिताची जमीन, तीव्र उतार वगळतात. मग उरलेल्या जागेजवळ सबस्टेशन आहे का आणि तिथला ट्रान्सफॉर्मर आणखी किती वीज पेलेल, हे पाहतात. एका मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते, त्यामुळे सबस्टेशनची क्षमता कळली की किती एकर हवेत हेही कळते. प्रकल्प जितका दूर, तितकी वाहिनी लांब, खर्च जास्त आणि वाटेत वीजगळतीही जास्त.

यातून दोन रस्ते फुटतात. आंध्रात कर्नूलला एकाच ठिकाणी १,००० मेगावॅटचे सौर पार्क उभे राहिले. तेलंगणाने २०१४ साली राज्य झाल्यानंतरच्या निविदांत वेगळी वाट धरली: जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सबस्टेशनांना जोडता येतील असे लहान-मध्यम प्रकल्प मागवले. दिवसा तयार झालेली वीज आसपासचे शेतीपंपच ओढतात, ही त्यातली खरी हुशारी. जमीन मिळवायचे काम मात्र कंपन्यांकडे होते. प्रकल्प विखुरले, पण म्हणून गावाला विचारले गेले असे होत नाही.

न विचारल्यास काय होते, हे धुळे जिल्ह्यातल्या विखरणने दाखवले. तिथे वीजप्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यावरून एका वृद्ध शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत मंत्रालयात विष घेतले आणि त्यातच ते गेले. पॅनल स्वच्छ असले तरी जमिनीचा व्यवहार आपोआप स्वच्छ होत नाही.

महाराष्ट्राच्या ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ची (२०२३) रचना म्हणूनच पाहण्यासारखी आहे. इथे खासगी जमीन सबस्टेशनपासून पाच किलोमीटरच्या आत असावी लागते, सरकारी असेल तर दहा. जमीन विकायची नसते, भाड्याने द्यायची: हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी तीन टक्के वाढीसह. ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख. रात्री-अपरात्री साप-विंचवाच्या भीतीत पाणी धरणाऱ्याला दिवसा वीज मिळते, हा गावाचा सर्वात जवळचा फायदा. २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा तीन मेगावॅटचा प्रकल्प या योजनेत पहिला सुरू झाला. त्याच वर्षी तेलंगणानेही महिला बचत गटांमार्फत १,००० मेगावॅट सौर प्रकल्प उभारण्याचे जाहीर केले. म्हणजे गटाने नुसते भाडे घ्यायचे नाही, वीज विकायची. माझ्या मते सहभाग म्हणावा तो हाच, पण त्यासाठी कर्ज, विमा, इन्व्हर्टरची दुरुस्ती हे सगळे त्या गटाला झेपले पाहिजे.

ग्रामसभेला मात्र फार उशिरा बोलावतात. ट्रान्सफॉर्मर ठरला, जागा ठरली, मग ठराव मागायचा. अशा वेळी गावाला फक्त ‘हो’ म्हणता येते. नकाशावर तीन-चार जागा शिल्लक असतानाच सभा घेतली तर गुराखी सांगतो की कागदावरची ‘पडीक’ जमीन चार महिने चराईची असते, आणि म्हाताऱ्या बाया पावसाळ्यात ओढा कुठून फुटतो ते दाखवतात. गायरानाच्या बाबतीत हे विशेष लागू आहे. भाडे सातबाऱ्यावर नाव असलेल्याला किंवा सरकारला मिळते. शेळ्या चारणारा, बटईने कसणारा, मजुरीला जाणारी बाई यांचे नाव त्या कागदावर नसते. पॅनल थोडे उंच बसवून खाली शेळ्या चरू देणे, गवत कापायचे आणि पॅनल धुवायचे काम गावातच देणे, हे करारात आधी लिहून घेता येते.

करार साधारण पंचवीस वर्षांचा असतो, म्हणून सभेत आणखी काही विचारून घ्यावे: पॅनल धुवायला पाणी कुठल्या विहिरीचे, कंपनी विकली गेली तर भाडे कोण देणार, आणि मुदत संपल्यावर काँक्रीटचे पाये उखडून जमीन नांगरण्याजोगी करून देण्याचा खर्च कुणाचा.