याचिका हरली, म्हणून वकिलाची सनद जाते का?

निकाल लागला की वणीच्या कोर्टाबाहेरच्या टपरीवर कायदेपंडितांची कमी नसते. "हारला त हारला, वर कोर्टात गेला! त्याच्या वकिलाची सनदच काढून घ्या लागते," हे वाक्य तिथे चहाइतकंच स्वस्त. त्यात कुणीतरी अमेरिकेचा दाखला देतो आणि चर्चा संपते. खरं तर तिथूनच ती सुरू व्हायला हवी.

अमेरिकेत काय झालं ते आधी पाहू. २०२० ची निवडणूक हरल्यावर ट्रम्प आणि त्यांच्या समर्थकांनी साठहून अधिक दावे लावले. जवळजवळ सगळे पडले. २०२२ मध्ये 'सिक्स्टी फाइव्ह प्रोजेक्ट' नावाचा गट उभा राहिला आणि त्याने या दाव्यांमधल्या वकिलांविरुद्ध त्यांच्या त्यांच्या बारकडे शिस्तभंगाच्या तक्रारींचा सपाटा लावला. जुलै २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ट्रम्प यांचे वकील रुडी जुलियानी यांना वकिलीतून काढलं. इथेच लोक घाईने निष्कर्ष काढतात. जुलियानी दावे हरले म्हणून गेले नाहीत. निवडणुकीबद्दल कोर्टापुढे आणि लोकांपुढे जाणूनबुजून खोटी विधानं केली, हा त्यांच्यावरचा ठपका होता.

आपल्याकडेही हीच रेघ आहे, आणि ती महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ओढली गेली. खांडेकर विरुद्ध महाराष्ट्र बार कौन्सिल या पुण्याच्या वकिलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चुकीचा सल्ला देणं वेगळं आणि गैरहेतूने सल्ला देणं वेगळं. नुसता निष्काळजीपणा, त्यात नैतिक खोट नसेल तर, व्यावसायिक गैरवर्तन ठरत नाही. त्या वकिलांवरची कारवाई रद्द झाली. हरणं हे गैरवर्तन असतं, तर प्रत्येक खटल्यात एका वकिलाने काळा कोट उतरवून ठेवायला हवा होता.

मग "आपण दहा जण मिळून तक्रार ठोकू" याचं काय? तक्रार कुणीही पाठवू शकतं. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली ती राज्य बार कौन्सिलकडे जाते. आपल्यासाठी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे. तक्रारीत दम दिसला तरच ती तिघांच्या शिस्तपालन समितीपुढे येते. समिती तक्रार फेटाळू शकते, वकिलाला समज देऊ शकते, काही काळ सनद निलंबित करू शकते किंवा नावच यादीतून काढू शकते. पण सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कौन्सिलला ५० हजार रुपयांचा भुर्दंड लावला. कारण, विरुद्ध बाजूच्या माणसाने वकिलावर केलेली पोकळ तक्रार तिने पुढे चालवली होती. तक्रारदार आणि वकील यांच्यात पक्षकार-वकिलाचं नातं नसेल, तर अपवाद वगळता अशी कारवाई उभी राहत नाही, असं न्यायालयाने बजावलं. वकील विरोधकाचा आहे एवढ्यानेच त्याला अद्दल घडवू पाहणाऱ्यांनी हा निकाल वाचावा.

राजकीय खटल्यांतल्या वकिलांवर कारवाई होतच नाही, असंही नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये असीम सरोदे यांची सनद याच कौन्सिलने तीन महिन्यांसाठी निलंबित केली. मात्र विषय त्यांनी लढवलेला खटला नव्हता. जाहीर भाषणात न्यायव्यवस्थेबद्दल आणि राज्यपालांबद्दल काढलेले उद्गार होते. अशा आदेशावर ६० दिवसांत भारतीय बार कौन्सिलकडे आणि तिथून पुढे सर्वोच्च न्यायालयात अपील करता येतं. त्यामुळे "सनद गेली" ही बातमी बऱ्याचदा पहिल्या पायरीची असते.

पोकळ याचिकांना आवर घालायला कायद्याने वेगळी दारं ठेवली आहेत, आणि ती चांगली अरुंद आहेत. वणी विधानसभेच्या निकालाला आव्हान द्यायचं तर निवडणूक याचिका घेऊन उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावं लागतं. मुदत ४५ दिवस, अनामत २ हजार रुपये. उमेदवारच हवा असं नाही, मतदारसंघातला साधा मतदारही जाऊ शकतो. भ्रष्ट मार्गाचा आरोप असेल तर वेगळं शपथपत्र लागतं आणि त्यावर सही वकिलाची नसते, याचिकाकर्त्याची असते. मुदत चुकली, अनामत राहिली किंवा आवश्यक प्रतिवादी जोडायचा राहिला, तर याचिका पुराव्यापर्यंत पोचतच नाही.

भलत्या दाराने गेलं तर काय होतं, तेही दिसलं आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत संध्याकाळी सहानंतर पडलेल्या मतांवर शंका घेणारी विक्रोळीच्या एका मतदाराची रिट याचिका जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. बाजू प्रकाश आंबेडकरांनी मांडली होती. दिवस वाया गेल्याची नाराजी न्यायालयाने बोलून दाखवली, तरी खर्चाचा दंड लावला नाही.

दुसऱ्या टोकाची दोन उदाहरणं. राजनारायण यांची याचिका १९७१ ची; शांतिभूषण ती लढवत होते आणि सत्ता समोर उभी होती. १२ जून १९७५ ला इंदिरा गांधींची निवड रद्द झाली. आपल्या विलेपार्ल्यात १९८७ ची पोटनिवडणूक रमेश प्रभू जिंकले, प्रभाकर कुंटे कोर्टात गेले, आणि डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवड रद्द करणारा निकाल कायम केला. आठ वर्षं! पहिल्याच वर्षी कुणी वकिलांच्या सनदेवर उठलं असतं, तर हे खटले शेवटापर्यंत गेले असते का, मला शंका आहे.

आणि ग्रामपंचायत निवडणुकीचा वाद असेल तर नागपूर गाठायचीही गरज नाही. निकालापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे अर्ज करायचा. म्हणजे त्या टपरीवरून रस्ता ओलांडला की झालं.