चार महिने थांबलेला डाव

पत्त्यांचा डाव ऐन रंगात आला असता “उरलेला दिवाळीनंतर खेळू” असे कुणी म्हटले, तर कोण ऐकेल? परंतु अमेरिकेत, लास व्हेगासच्या जागतिक पोकर स्पर्धेत २००८ साली नेमके हेच घडले. जुलैत ६,८४४ खेळाडूंतून नऊ उरले आणि अंतिम फेरी थेट नोव्हेंबरवर गेली! हेतू हा, की आधीचे डाव टेलिव्हिजनवर दाखवून लोकांची उत्कंठा वाढवावी. खेळाडूंनाही प्रतिस्पर्ध्यांच्या लकबी अभ्यासायला उसंत मिळाली.

मला मात्र वाटते, थकल्यावरही डोके शांत ठेवण्यातच खेळाडूचा खरा कस लागतो. चार महिन्यांच्या विश्रांतीनंतर तो कसला लागणार? २०१७ साली अंतिम फेरी पुन्हा जुलैतच, अवघ्या दोन दिवसांच्या विसाव्यानंतर झाली, हे बरे झाले. प्रेक्षकांची उत्कंठा महत्त्वाची खरी. पण डाव शेवटी खेळणाऱ्याचा!