अर्धवट थांबवलेली शिकार

मेंढरं वळवताना बॉर्डर कॉली सहसा भुंकत नाही. मान खाली घालून, पोट जमिनीलगत आणून तो कळपावर नजर रोखतो आणि मेंढरं मागे सरकू लागतात. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या मेंढपाळांना एवढंच हवं होतं.

ही नजर शिकाऱ्याचीच. भक्ष्य हेरणं, त्याच्यावर डोळा ठेवणं, दबत पुढे जाणं, पाठलाग, चावा आणि ठार मारणं, असा लांडग्याच्या शिकारीचा क्रम. मेंढपाळांनी पिढ्यान् पिढ्या निवडून जोड्या लावल्या. त्यातून सुरुवातीचे टप्पे तीव्र झाले, शेवटचे दबले. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांची ही मांडणी. गुरं हाकणाऱ्या कॉर्गीत थोडा चावा शिल्लक ठेवला, कारण गाय नुसत्या नजरेला भीक घालत नाही. तिच्या टाचेला दात लागावे लागतात. आपल्या धनगरांच्या कुत्र्यांचं काम निराळंच. कळप धनगर वळवतो, कुत्रं लांडग्यापासून राखण करतं.

1893 साली नॉर्थम्बरलंडमध्ये अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे ‘हेम्प’ नावाचा कुत्रा जन्मला. शांत, पण विलक्षण नजरेचा. त्याची दोनशेहून अधिक पिल्लं झाली आणि आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींची वंशावळ त्याच्यापाशी पोचते.

कळप वळवण्याचं गणितही सुटसुटीत निघालं. मेंढ्या आणि कुत्र्याच्या अंगावर जीपीएस बांधून केलेल्या, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोनच नियम पुरेसे ठरले : पांगापांग झाली की गोळा करा, गोळा झाली की पुढे हाका.

हाच बॉर्डर कॉली आता शहरी फ्लॅटमध्येही येतो. तिथे मेंढरं नसतात. मग तो पळणारी मुलं, सायकली, स्कूटर यांच्या मागे लागतो. मालक त्याला खोडकर म्हणतात. माझ्या मते तो बेकार आहे. सकाळ-संध्याकाळच्या फेरीने त्याचे पाय मोकळे होतात, डोकं रिकामंच राहतं. त्या डोक्याची ताकद अमेरिकेतल्या ‘चेसर’ या कुत्रीने दाखवली. मानसशास्त्रज्ञ जॉन पिली यांनी तिला 1,022 खेळण्यांची नावं शिकवली. त्यासाठी ते रोज चार-पाच तास देत, तेही तीन वर्षं. पिली तेव्हा निवृत्त होते.