अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम
अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम हा रक्तात अनावश्यक गुठळ्या निर्माण करणारा स्वयंप्रतिरक्षा विकार आहे. १९८३ मध्ये लंडनमध्ये ग्रॅहम ह्यूज यांनी त्याचे वर्णन केले. विशेष म्हणजे परीक्षानळीत असे रक्त अनेकदा उशिरा गोठते. शरीरात मात्र ते अवाजवी गोठते. पायाच्या शिरेत गुठळी, तरुण वयात पक्षाघात आणि वारंवार गर्भपात ही प्रमुख लक्षणे होत. गर्भपातांचा दोष पुष्कळदा स्त्रीच्याच माथी येतो, प्रतिपिंडांची तपासणी मात्र राहून जाते. मुंबईत परळ येथील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीने या संबंधावर संशोधन केले आहे. निदानासाठी प्रतिपिंडे किमान १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा आढळावी लागतात. गुठळी झालेल्यांस सहसा वॉरफॅरिन देतात. ते गर्भास घातक ठरू शकत असल्याने गरोदरपणी हेपॅरिन व अल्प मात्रेतील ॲस्पिरिन योजतात.