ओबोवादकाचा पेशा : मैफल, चाकू आणि शिकवणी

लग्नसराईत नाशिकच्या इंदिरानगरातल्या मांडवांतून सनई ऐकू येते ती आता बहुधा स्पीकरवरून. वाजवणारा समोर नसला तरी तो आवाज कसला, हे कुणाला सांगावं लागत नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदातला ओबो याच कुळातला. त्याच्या वादकाचं पोट कशावर चालतं, आणि बहुतेक जण घरी शिकवण्या का घेतात, हे समजून घेताना सनई मनात असलेली बरी.

सनईचं भावंड

आजच्या ओबोचा पूर्वज 17व्या शतकात फ्रान्समध्ये घडला. सुमारे दोन फूट लांब, खाली रुंदावत जाणारी नळी. बहुधा आफ्रिकेतल्या काळ्या ग्रेनेडिला लाकडाची, अंगभर धातूच्या चाव्या. सनईला अशा चाव्या नसतात. तोंडाशी मात्र दोन्हीकडे पात्यांची जोडी, आणि फुंकर त्यांच्या फटीतून आत जाते. ओबोची फट इतकी बारीक की श्वास कमी पडत नाही, उलट उरतो. वापरलेली हवा छातीत कोंडून वादक गुदमरतो, म्हणून तो आधी श्वास सोडतो, मग नवा घेतो. सनईवाले गालात हवा धरून नाकाने श्वास घेतात आणि सूर तुटू देत नाहीत. ही युक्ती काही ओबोवादकही वापरतात.

वाद्यवृंदातली खुर्ची

मैफलीआधी सगळा वाद्यवृंद ओबोच्या एका सुराला वाद्यं लावतो. हा सूर साधारण 440 हर्ट्झचा. मान मोठा, पण खुर्च्या मोजक्या. व्हायोलिनवाले वीस-तीस असतात, ओबोवाले दोन-तीन. जागा रिकामी झाली की अनेक ठिकाणी पडद्याआड वाजवून निवड होते, आणि मोझार्टचा ओबो कॉन्चेर्टो त्या परीक्षेत ठरलेलाच.

आपल्याकडे मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. त्याच्या हंगामात बरेच वादक परदेशातून येतात. म्हणजे घराजवळ संधी आहे, पण नुसत्या तिच्या भरवशावर घर चालवायचं कुणी ठरवू नये. ध्वनिमुद्रण, चर्च-संगीत, छोटे गट आणि शिकवणी अशी चार टोकं जोडावी लागतात.

चाकूचं काम

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण श्रोत्याला तो दिसतच नाही. व्यावसायिक वादक सहसा आपली रीड, म्हणजे तोंडाशी धरायची ती पात्यांची जोडी, आपणच बनवतो. बोरूसारखी पोकळ नळी, शास्त्रीय नाव अरुंडो डोनॅक्स, चिरून आतून तासायची, मग दुमडून आकार द्यायचा, छोट्या धातूच्या नळीवर दोऱ्याने आवळायची. त्यानंतर चाकू. टोकाशी केसभर जास्त खरवडलं तर आवाज फाटतो, कमी खरवडलं तर सूर निघतच नाही. एवढं करून ती टिकते आठ-पंधरा दिवस. हवा दमट झाली की फुगते, कोरडी झाली की आक्रसते. मैफलीच्या आदल्या रात्री वादक सरावापेक्षा टेबलाशीच जास्त वेळ बसलेला आढळेल.

शिकवणी म्हणजे जोडधंदा नव्हे

हे चाकूचं काम पुस्तकातून येत नाही. शेजारी बसून, शिक्षकाच्या बोटाखाली पातं कसं हलतं ते पाहूनच येतं. मार्सेल ताब्युतो हे 1915 ते 1954 फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचे प्रमुख ओबोवादक होते आणि कर्टिस संस्थेत शिकवतही होते. त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे अमेरिकेतल्या अनेक वाद्यवृंदांतल्या पहिल्या खुर्च्या सांभाळल्या.

आपल्याला ही रीत परकी नाही. बिस्मिल्ला खाँ शिकले ते मामा अली बक्ष यांच्याकडे. पुण्यात गायकवाडांच्या घरात सनई पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, सोलापूरच्या जाधवांनी सनईची धाकटी बहीण सुंदरी जपली. तिथेही पत्ती कशी निवडायची, तोंडात कितपत धरायची हे घरातच कळतं.

इंदिरानगरातून सुरुवात करायची तर

वयाच्या दहा-अकरा वर्षांआधी घाई नको. बोटं पुरायला हवीत आणि पुढचे पक्के दात यायला हवेत. पहिलं वाद्य प्लॅस्टिकच्या अंगाचं चालेल, रीड मऊ घ्यावी. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या दोन्ही मंडळांच्या संगीत परीक्षांत ओबो आहे. शिक्षक मुंबईत मिळाला तर सकाळची पंचवटी एक्स्प्रेस आहेच. मधल्या आठवड्यात व्हिडिओवर धडा चालतो. पण रीड तासण्याचे पहिले धडे समोरासमोरच घ्यावेत. कॅमेऱ्यात पात्याची जाडी कळत नाही.

पुढे लाकडी वाद्य घेतलंत तर नाशिकच्या थंडीत त्यात एकदम फुंकू नका. आत ऊब, बाहेर गार कोरडी हवा, अशाने लाकूड तडकतं. वरचा भाग काही मिनिटं काखेत धरून कोमट करावा आणि नव्या वाद्यावर पहिले काही आठवडे दिवसाला पंधरा-वीस मिनिटंच वाजवावं.