निरभ्र दुपारी फुगणारे ओढे

लडाखच्या मारखा खोऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये जाणारे मराठी ट्रेकर अनेकदा सह्याद्रीचा हिशेब सोबत नेतात: आभाळ मोकळं, म्हणजे ओढा शांत. तिथे मात्र उलटं घडतं. लेहला वर्षभरात पाऊस पडतो जेमतेम 100 मिलिमीटर. ओढ्यांना पाणी पुरवतात ते वरचं बर्फ आणि हिमनद्या, आणि त्या वितळतात लख्ख उन्हात. म्हणून पहाटे घोट्याशी असलेलं पाणी दुपारनंतर मांडीला लागू शकतं. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. शिवाय कंबरभर पाण्यात उत्प्लावक बलामुळे तळपायांवरचा भार जवळपास निम्मा होतो. ढकलणारं बळ वाढत असतानाच पकड सुटत जाते. पिळदार मांड्यांपेक्षा इथे घड्याळ अधिक कामाचं.

पण पहाटेचं पाणी हाडं गोठवतं, दगडांवर बर्फाचा पापुद्रा असतो, हा आक्षेप रास्तच आहे. त्यासाठी तासभर थांबता येतं. दुपारच्या लोंढ्याशी अशी तडजोड होत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: हिमनदीपासून लांबच्या ओढ्याला फुगवटा रात्री उशिराही गाठतो. तेव्हा पहाट हा सरसकट नियम नव्हे. काठच्या दगडांवरची ओली रेघ पाहावी. ती पाण्याच्या वर दिसली, तर पाणी ओसरतंय. आणि दोर? कंबरेला बांधलेला दोर घसरलेल्या माणसाला प्रवाहातच अडकवून पाण्याखाली दाबू शकतो. त्यापेक्षा अलीकडच्या काठावर तंबू ठोकावा. वेळापत्रक कोलमडेल, कोलमडू द्यावं.