सणांत आलेलें मरण

दिवाळीची अगर उन्हाळ्याची सुट्टी लागली, कीं नोकरीनिमित्त नागपूर-मुंबईकडे गेलेलीं कुटुंबें चंद्रपूर-गडचिरोलीकडील आपल्या मूळ गांवीं परततात. वर्षभर शांत असलेलें घर नातवंडांनीं गजबजून जातें. अशाच वेळीं कधीं कधीं घरांतील सर्वांत वृद्ध माणूस डोळे मिटतो. जणूं सर्वांची भेट व्हावी एवढ्यासाठींच तो थांबला होता, असें मग आप्तेष्ट म्हणतात. परंतु त्याबरोबर एक अवघड प्रश्नही उभा राहतो. आतां सणाचें काय करावयाचें? पणती लावावी कीं नाहीं? मुलांनीं हंसावें कीं नाहीं? आजच्या भाषणांत ह्याच प्रश्नाचा थोडासा विचार करूं.

रूढ आचार असा आहे, कीं जवळच्या आप्ताच्या मृत्यूनंतर दहा दिवस सुतक पाळावें, त्या काळांत सण व मंगलकार्यें वर्ज्य समजावींत, आणि तेराव्या दिवशीं गोडाचें जेवण करून घरानें पुन्हां व्यवहारास लागावें. ह्या नियमाकडे कित्येकजण शिक्षा म्हणून पाहतात. मला तर ती एक सवड वाटते. दुःखितानें हंसतमुखानें पाहुण्यांचें स्वागत करावें, पंगती उठवाव्यात, नवीं वस्त्रें ल्यावींत, ही अपेक्षा समाज तेवढ्या दिवसांपुरती मागें घेतो. मात्र ती सवड मोजून दिलेली आहे. शोकाला जशी सुरुवात आहे, तशी मर्यादाही आहे, हें त्या तेराव्याच्या गोड घासांत अभिप्रेत असतें.

पण आनंद व मृत्यु हे एकमेकांचे वैरीच आहेत, असें आपली परंपरा मानते काय? आपलें पंचांगच उघडून पाहा. दिवाळी सरतांच कार्तिक वद्य त्रयोदशी येते. ज्ञानेश्वरांनीं इ. स. १२९६ मध्यें ह्याच तिथीस समाधि घेतली, आणि त्या दिवसासाठीं आळंदीस वारकऱ्यांचा मेळा भरतो. होळी पेटून दोन दिवस होतात न होतात, तोंच तुकाराम बीज येते, तीही इ. स. १६५० मधील तुकोबांच्या प्रयाणाची तिथि. मृत्यूच्या दिवसास 'पुण्यतिथि' म्हणणारी आणि तिचा उत्सव करणारी ही भाषा आपली आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं तरुणपणीं चिमूरकडील अरण्यांत वास केला होता. त्यांचें देहावसान ११ ऑक्टोबर १९६८ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील मोझरी येथें झालें. ती तिथि दिवाळीच्या तोंडावर येते. दरवर्षीं त्या दिवशीं सायंकाळीं चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनीं हजारों माणसें जागच्या जागीं स्तब्ध उभीं राहून त्यांना मौन श्रद्धांजलि वाहतात. मौन आणि उत्सव हे तेथें एकाच दिवसांत, एकाच अंगणांत नांदतात.

आतां जरा अरण्यांत शिरूं. भामरागड-एटापल्लीकडे माडिया गोंडांची वस्ती आहे. त्यांच्यांत 'पंडुम' नांवाचे सण आहेत. नवें फळ, नवें धान्य किंवा मोहाचें फूल तोंडीं लावण्यापूर्वीं तें देवास व पूर्वजांस अर्पण करावयाचें, हा त्यांतील मुख्य भाग. आंब्याच्या पंडुमापूर्वीं झाडाखालीं पडलेला आंबासुद्धां खावयाचा नसतो. चंद्रपूर शहरांतील एखाद्या सुशिक्षित घरीं अक्षय्य तृतीयेस काय होतें? मातीची नवी घागर पाण्यानें भरून पितरांच्या नांवें पुजतात, आंब्याचा रस त्यांना दाखवितात आणि मगच पानांवर वाढतात. भाषा निराळी, देव निराळे. परंतु नेम एकच : आधीं गेलेल्यांचा घांस, मग नातवंडांचा. ज्या सणांत पूर्वजांचें पान प्रथम वाढलें जातें, त्या सणास पूर्वजांच्या मृत्यूनें विटाळ होतो असें म्हणणें मला कठीण वाटतें.

माडिया लोक मृतांच्या स्मरणार्थ गांवाजवळ उभे दगड रोवतात. चिमूर तालुक्यांत हिरापूर येथें प्राचीन महापाषाणीय शिलावास्तु आहेत. ह्या भूमींत गेलेल्यांसाठीं दगड उभारण्याची रीत किती जुनी आहे, हें त्यांवरून ध्यानांत येतें. येथें मृत माणसाला विसरून पुढें जात नाहींत. त्याला गांवाच्या शिंवेवर जागा देऊन पुढें जातात. वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणारे बाबा आमटे ९ फेब्रुवारी २००८ रोजीं निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांच्या देहाचें दहन न करतां तो आनंदवनाच्याच मातीच्या स्वाधीन करण्यांत आला. ज्या जमिनीची सेवा केली, तिच्याच उपयोगीं पडावें, ह्यांतही एक श्रद्धा आहे.

येथें एक सावधगिरी हवी. मृत्यूचा आनंद मानावा, असें मी म्हणत नाहीं. चामोर्शी तालुक्यांत वैनगंगेच्या तीरीं मार्कंडा येथें महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. मार्कंडेयाच्या कथेंत काळ परत फिरतो, तो सोळा वर्षांच्या मुलासाठीं. अकालीं येणारें मरण आणि पिकल्या पानाचें गळणें, ह्यांत आपली परंपरा भेद करते. आनंद असेल, तर तो आयुष्य भरून पावल्याचा. आणि तोही कोणावर लादूं नये; विशेषतः आजीवर.

आजोबा जातात, तेव्हां घरांत सर्वांत एकाकी होते ती आजी. त्याच सणांत तिचें कुंकू पुसावयाचें, बांगड्या फोडावयाच्या आणि तिला ओवाळणीच्या ताटापासून दूर बसवावयाचें, ही रूढि पुष्कळ घरांतून अजून गेलेली नाहीं. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवानें मे २०२२ मध्यें ग्रामसभेंत ठराव करून ह्या चाली बंद केल्या, आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर गांवांसही तो कित्ता गिरविण्याचें आवाहन केलें. सुतक फिटल्यावर घरांत जी पहिली पणती लागेल, ती आजीच्या हातून लागावी. श्रद्धेची खरी कसोटी तेथें आहे.

मुलांविषयीं दोन शब्द. 'आजोबा झोंपले' किंवा 'गांवाला गेले' असें त्यांना सांगूं नये. झोंपेची धास्ती बसते, अथवा मूल रोज वाट पाहत राहतें. 'आजोबा वारले, ते आतां परत येणार नाहींत, त्यांना आतां दुखतही नाहीं,' असें सरळ सांगावें. तुळशीचें पान ठेवणें, फुलें वाहणें अशीं लहान कामें त्यांच्याकडे द्यावीं. संध्याकाळीं सर्वांनीं एकत्र बसून आजोबांच्या गोष्टी काढाव्या. त्या ऐकतां ऐकतां मुलें हंसलीं, तर त्यांना गप्प करूं नका. आजोबांनीं ज्या हंसण्यासाठीं सुट्टीची वाट पाहिली, तेंच तें हंसणें. त्यांच्या घरांत तें ऐकूं येणें, हें त्यांचें श्राद्धच होय.